मोठ्या फौजेला कमी माणसांत कसं घेरायचं, हॅनिबलकडून शिका

आधी घोडदळ मोजा. इ.स.पू. 216 मध्ये इटलीत कॅनीच्या लढाईत कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याकडे साधारण 50 हजार माणसं आणि रोमनांकडे 80 हजारांच्या वर, पण घोडेस्वार त्याचे 10 हजार तर त्यांचे जेमतेम 6 हजार. घोडदळात वरचढ नसाल तर हा डाव मांडूच नका. मैदान सपाट हवं आणि एक बाजू नदीला टेकवता आली तर उत्तमच, त्याने तेच केलेलं.

आता पायदळ. मधे गॉल (आजच्या फ्रान्स-उत्तर इटलीकडचे योद्धे) आणि स्पॅनिश, सरळ रांगेत नाही तर शत्रूकडे फुगलेल्या कमानीत. दोन्ही टोकांना, जरा मागे, तुमचे कसलेले लोक. हॅनिबलचे ते आफ्रिकन, अंगावर आधीच्या लढायांत लुटलेली रोमन चिलखतं. यांना लगेच लढवायचं नाही, कितीही हात शिवशिवले तरी.

सगळे या टोकांच्या लोकांचंच कौतुक करतात पण माझ्या मते खरी कसोटी मधल्यांची, कारण त्यांनी मार खात मागे सरकायचं पण पळायचं नाही, तोंड समोर आणि पाऊल मागे, आणि रांग एका जागी जरी फाटली तरी सगळं ओम्फस. म्हणूनच हॅनिबल आणि त्याचा भाऊ मागो स्वतः तिथे उभे राहिले. रोमनांना वाटलं जिंकलो, ते आत घुसत गेले, कमान उलटी वळली, त्यात त्यांनी रांगा आधीच अरुंद अन् खोल लावलेल्या, त्यामुळे इतकी दाटी झाली की धड हात हलवायला जागा नाही. तेव्हा कुठे आफ्रिकन दोन्हीकडून आत वळले.

घोडदळाला एकच गोष्ट बजावून ठेवा, पाठलागाच्या नादी लागायचं नाही. हसद्रुबलने (भाऊ नव्हे, त्याच नावाचा दुसरा सरदार) समोरचे रोमन स्वार उधळले, मागून वळसा घालून दुसऱ्या टोकाचेही पळवले, मग पळणाऱ्यांना न्युमिडियनांवर (हॅनिबलचे उत्तर आफ्रिकेतले हलके घोडेस्वार) सोपवून सरळ रोमन पायदळाच्या पाठीवर आला. कोंडी पूर्ण. मेलेले रोमन प्राचीन इतिहासकार लिव्ही 48 हजारांच्या आसपास सांगतो, दुसरा इतिहासकार पॉलिबियस 70 हजार.

इ.स.पू. 202 ला उत्तर आफ्रिकेत झामाच्या लढाईत मात्र न्युमिडियन राजा मसिनिसा रोमच्या बाजूने होता, आणि त्या दिवशी परत फिरलेलं घोडदळ हॅनिबलच्याच पाठीवर येऊन आदळलं.