र-ची जोडाक्षरं वाचायला कशी शिकवावीत

बंदरावरच्या मुलांना बर्फ रोज दिसतो. तरी तिसरीतलं पोर फळ्यावरचा ‘बर्फ’ ‘बफ्र’ असा वाचतं. माझ्या वर्गात हे वर्षानुवर्षं झालं.

काना-मात्रा पक्क्या आहेत, पाय मोडलेलं अक्षर ओळखता येतं, असं धरून चालते. कातळशिल्प, रत्नागिरी, मस्त ही साधी जोडाक्षरं चार दिवसांत होतात. त्यात वेळ घालवू नका.

र-चं तसं नाही. सुरुवातीला मी रफार (डोक्यावरचा र) आणि रकार (पायाशी जोडलेला र) यांचा तक्ता भिंतीवर लावायचे. मुलं नावं घडाघडा म्हणायची आणि वाचताना अडायची. म्हणून नावं शिकवूच नका, ती चौथी-पाचवीत आपोआप येतात. शब्द दहादा लिहून घेण्याचा सल्लाही मला अनेकांनी दिला. त्याने काही होत नाही. मूल ‘बर्फ’ दहादा उतरवतं आणि लगेच ‘कर्ली’ या माशाच्या नावाला चुकतं, कारण त्याने चित्र काढलेलं असतं, आवाज ऐकलेला नसतो.

डोळा डावीकडून जातो: ब, मग फ, मग फ-च्या डोक्यावरचा र. तोंडातून मात्र र आधी निघतो. ‘कर्ली’त तर तो वेलांटीच्याही पलीकडे जाऊन बसतो. आता मूल डोळ्याचं ऐकणार की तोंडाचं? त्याला तोंडाचं ऐकायला शिकवायचं, एवढंच आपलं काम.

फळा कोरा ठेवा. टाळी देत म्हणा: बर्–फ, कर्–ली, दुर्–ग. पहिल्या टाळीला जीभ कुठे थांबली ते मुलांना विचारा. मग चंद्–र, समुद्–र घ्या. इथे र दुसऱ्या टाळीत येतो. पहिला दिवस नुसत्या टाळ्यांचा, वही काढायचीच नाही. दुसऱ्या दिवशी लिहा आणि एकच वाक्य सांगा: पहिल्या टाळीतला र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, दुसऱ्या टाळीतला र पायाशी. मग ‘हर्णै’ आणि ‘सुवर्णदुर्ग’ द्या. तीन रफार मुलं स्वतः शोधतात.

ट्रॉलर, ड्रम यांतली पायाखालची टोपी एका तासात होते.

खरी अडचण ‘ऱ्य’ची. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. ‘दोन्ही सारखंच, मुलांना कशाला गोंधळात टाकता’ असं मला एका प्रशिक्षणात सांगितलं गेलं. मी ते मानलं, आणि त्या वर्षी माझी मुलं ‘वाऱ्यावर’ हा शब्द ‘वार्–यावर’ असा तोडून वाचत राहिली. ते वर्ष मला अजून टोचतं. फरक जोराचा आहे. ‘दर्या’ म्हणताना द-वर आघात येतो. ‘दऱ्या’त द हलका सुटतो आणि ‘ऱ्या’ एका दमात निघतो. आघात असेल तिथे रफार: सूर्य, कार्य, धैर्य. आघात नसेल तिथे ऱ्य.

हा नियम मुलांना सांगू नका, त्यांच्या तोंडून काढा. मिऱ्या, बोऱ्या ही गावं, पऱ्या म्हणजे ओढा, तिसऱ्या म्हणजे खायचे शिंपले, हे शब्द ती जन्मापासून बरोबर म्हणतात. आधी म्हणवून घ्या, मग लिहून दाखवा, मग शेजारी ‘सूर्य’ लिहा. तिसऱ्यांना घरी दुसरं नाव असेल तर तेही फळ्यावर येऊ द्या. या तासाला बोली सुधारायची नसते.

सरावाचे कागद मोबाइलवर टाइप करत असाल तर कीबोर्डवरचा ‘ऱ’ वेगळा शोधा. साधा र घेतला की रफारच उमटतो आणि दऱ्यांचा दर्या होतो. असे चुकलेले कागद शाळाशाळांतून फिरताना मी पाहिले आहेत. वाटण्याआधी प्रत्येक ओळ वाचा.

सरावाला जूनइतका चांगला महिना नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, त्यांच्यावर रंगवलेली नावं मुलांच्या उंचीवर येतात. पावसाची उघडीप बघून वर्ग तिकडे न्या. ज्या नावात र-चं जोडाक्षर आहे तिथे थांबा, अडलं तर तिथेच टाळी द्या. कधी रंगवणाऱ्याने रफार एक अक्षर आधी टाकलेला असतो. तो तुम्ही दाखवू नका, मुलांना सापडू द्या.