ड्रॅगन क्वेस्ट खेळायचंय, पण सुरुवात कुठल्या भागापासून करू?

ड्रॅगन क्वेस्ट ह्या जपानी रोल-प्लेइंग व्हिडिओ गेम सिरीजचे मुख्य भाग आत्तापर्यंत अकरा आलेत, पहिला १९८६ साली फॅमिकॉम ह्या निन्टेंडोच्या जुन्या कन्सोलवर आणि अकरावा २०१७ मध्ये, शिवाय बहुतेक भागांचे दोन-तीन रिमेक आणि फोनवरच्या आवृत्त्या वेगळ्याच, त्यामुळे नवीन माणूस ऑनलाइन स्टोअरमध्ये शोधायला गेला की तिथेच गोंधळतो. मग तो सरळ विचार करतो की एक नंबरपासून घेऊ आणि क्रमाने जाऊ. पहिला भाग छोटा असल्यामुळे कसाबसा संपतो, दुसऱ्यात मात्र पार दमछाक होते आणि 'हे जुने गेम आपल्याला झेपणारे नाहीत' म्हणून सगळी सिरीजच बाजूला पडते. हे टाळायचं असेल तर पुढचं वाचा. कुठेही कथा फोडलेली नाही, निर्धास्त वाचा.

पायरी १ : नंबर डोक्यातून काढून टाका

इथे नंबर म्हणजे फक्त कुठला गेम कधी आला एवढंच. जवळजवळ प्रत्येक भागाचं जग वेगळं, हिरो वेगळा, कथा वेगळी. आठवा खेळण्यासाठी आधीचे सात खेळलेले असायची काहीच गरज नाही. अपवाद पहिल्या तीन भागांचा, त्यांची कथा एकमेकांत गुंतलेली आहे आणि गंमत म्हणजे तिचा क्रम आहे तीन, एक, दोन. म्हणजे १९८८ साली आलेला तिसरा भाग काळाच्या हिशोबाने सगळ्यात आधीचा. हे काही गुपित राहिलेलं नाही, नव्या रिमेकमध्ये कंपनीनेच २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आधी तिसरा आणला आणि मग २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये पहिला-दुसरा एकत्र. चार, पाच आणि सहा ह्यांच्यातही एक धागा आहे पण तो इतका पातळ की कुठलाही आधी खेळा, काही बिघडत नाही.

मग सगळ्या सिरीजला बांधून ठेवणारं काय, तर माणसं. गेमची आखणी आणि कथा युजी होरी ह्यांची, पात्रं आणि राक्षस अकिरा तोरियामांनी काढलेले, संगीत कोइची सुगियामांचं. सुगियामा २०२१ मध्ये गेले आणि तोरियामा २०२४ मध्ये, पण अकराव्यापर्यंत हेच त्रिकूट होतं, म्हणून १९८६ चा निळा स्लाइम (सिरीजमधला थेंबासारखा छोटा राक्षस) आणि २०१७ चा निळा स्लाइम तोच, तसाच हसरा. कुठूनही आत शिरलात तरी घर ओळखीचं होतं ते ह्याच्यामुळे.

पायरी २ : हाताशी कुठलं यंत्र आहे ते बघा

ही पायरी लोक गाळतात आणि मग कुठेतरी वाचून असा भाग ठरवतात जो त्यांना मिळणारच नाही. फोन असेल तर एक ते सहा आणि आठवा, एवढे भाग आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हीवर आहेत, एकदा विकत घेतले की झालं, मध्येमध्ये पैसे मागत नाहीत. पीसी, स्विच, प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स असेल तर 'इलेव्हन एस' (अकराव्या भागाची वाढीव आवृत्ती) आणि वर सांगितलेले नवे 'एचडी-टूडी' रिमेक, म्हणजे जुन्या ढंगाची सपाट पात्रं थ्रीडी जगात. निन्टेंडोचा हातात धरून खेळायचा जुना डीएस किंवा थ्रीडीएस पडलेला असेल तर चांगलीच चैन आहे, पण थ्रीडीएसचं ऑनलाइन दुकान २०२३ मध्ये बंद झालंय, आता कार्ट्रिजच शोधावं लागतं.

अजून एक. अमेरिकेत ही सिरीज आधी 'ड्रॅगन वॉरियर' नावाने विकली जायची, २००५ साली आठवा भाग तिथे आला तेव्हापासून ड्रॅगन क्वेस्ट नाव लागलं. ह्याचा त्रास होतो तो जुनी गाइड वाचताना, कारण मंत्रांची नावंही तेव्हा वेगळी होती. 'रिटर्न' म्हणजे आताचं 'झूम', 'आउटसाइड' म्हणजे 'इव्हॅक'. गाइडमधला मंत्र तुमच्या गेममध्ये सापडत नसेल तर आधी हे तपासा.

पायरी ३ : आता भाग निवडा

बहुतेकांसाठी माझं उत्तर दोनच, अकरावा किंवा पाचवा. मोठा स्क्रीन आणि कन्सोल किंवा पीसी असेल तर अकरावा, फोनच असेल तर पाचवा.

अकराव्यातही 'इलेव्हन एस' असं लिहिलेलीच आवृत्ती घ्या. तिचा डेमो फुकट आहे आणि तो नावापुरता नाही, चांगला दहाएक तास चालतो, वर आवडलं तर तिथलंच सेव्ह पूर्ण गेममध्ये नेता येतं. म्हणजे खिशाला हात न लावता सिरीज आपल्याला जमतेय का ते कळतं, ह्याहून सोपी सुरुवात मला तरी माहीत नाही. लढाई जुन्याच पद्धतीची, आपली पाळी आली की हुकूम द्यायचा, पण राक्षस मैदानात समोर चालताना दिसतात, नको असेल तर वळसा घालून जा. ह्यात टूडी मोडसुद्धा आहे, अख्खा गेम जुन्या सोळा-बिट गेमसारखा दिसायला लागतो आणि लढाया अचानक अंगावर येतात. पहिल्यांदा खेळताना थ्रीडीच ठेवा. टिकिंग्टन नावाच्या गावातून जुन्या भागांच्या जगांत जायची सोय आहे तीही सध्या सोडून द्या, ती जुन्या लोकांसाठी ठेवलेली मिठाई आहे. आणि हे मात्र नक्की लक्षात ठेवा, शेवटची नावं स्क्रीनवरून सरकून गेली तरी गेम संपलेला नसतो. पुन्हा सेव्ह उघडा, कथेचा खरा शेवट पुढे आहे, आणि तिथेच गेम डिलीट करून मोकळे झालेले लोक मी पाहिलेत.

पाचव्याबद्दल मी थोडा पक्षपाती आहे हे आधीच सांगतो. १९९२ साली सुपर फॅमिकॉमवर आलेला हा गेम इंग्रजीत अधिकृतपणे यायला २००९ उजाडलं, आणि तरी इतक्या वर्षांनंतरही सिरीजमधला सगळ्यात सुंदर भाग कुठला असं विचारलं की पहिलं नाव ह्याचंच निघतं. ह्यात तुम्ही जगाला वाचवणारे निवडलेले वीर वगैरे नाही, तुम्ही पँक्राझ नावाच्या एका भटक्या माणसाचा लहान मुलगा. पहिल्या तासात बाहेर पडलात की लढाईत वडील शेजारी उभे असतात, तुम्ही काठीने एका स्लाइमला टोचेपर्यंत त्यांनी बाकीच्यांचा फडशा पाडलेला असतो, आणि लढाई संपली की ते आपणहून मंत्र टाकून तुमच्या जखमा भरून देतात. गेम ह्याबद्दल एक शब्द बोलत नाही, एक ओळ येते आणि जाते. तेव्हा ती नुसती सोय वाटते. पुढचं नाही सांगत. बालपणापासून लग्नापर्यंत आणि त्याच्याही पुढे अख्खं आयुष्य ह्या गेममध्ये जातं आणि लग्न कोणाशी करायचं हे तुम्हीच ठरवता, त्यावरून जपानमध्ये अजून वाद चालतात.

शिवाय ह्यात हरवलेला राक्षस कधीकधी उठून उभा राहतो आणि 'मला सोबत घ्या' म्हणतो. पोकेमॉन यायच्या चार वर्षं आधीची ही गोष्ट. ही सोय घोडागाडी मिळाल्यानंतर सुरू होते, सुरुवातीलाच कोणी का येत नाही म्हणून वैतागू नका. फोनवर हा गेम उभ्या स्क्रीनवर एका हाताने खेळता येतो, रांगेत उभं राहून दोन लढाया मारून होतात.

आता ज्यांना कथेपेक्षा टीम बांधायची हौस जास्त त्यांनी तिसरा घ्यावा, नव्या रिमेकमधला. इथे सोबती तयार मिळत नाहीत, तुम्हीच योद्धा, धर्मगुरू, जादूगार असे निवडून त्यांना नावं द्यायची आणि घेऊन निघायचं. लेव्हल २० झाली की त्यांचा पेशा बदलता येतो, लेव्हल परत एकवर येते पण शिकलेले मंत्र राहतात, मग मंत्र येणारा पहिलवान वगैरे भन्नाट प्रकार तयार होतात. गॅडअबाउट नावाचा एक पेशा आहे, हा माणूस लढाईत तुमचं ऐकायचं सोडून विनोद करत बसतो, घसरून पडतो, अगदीच निरुपयोगी, पण त्याला वीस लेव्हलपर्यंत पोसलात तर तो थेट सेज (धर्मगुरू आणि जादूगार दोघांचे मंत्र शिकणारा) होऊ शकतो, जो पेशा इतरांना दुर्मिळ पुस्तक सापडल्याशिवाय मिळत नाही. ह्या रिमेकमध्ये 'ड्रॅकी क्वेस्ट' नावाची सोपी पातळी आहे, त्यात तुमची माणसं मरत नाहीत. पातळी मध्येच कधीही बदलता येते, तेव्हा लाजायचं कारण नाही.

आठवा भाग, २००४ चा, तोरियामांच्या चित्रात शिरून फिरल्यासारखा वाटतो, मोकळी कुरणं, डोंगर, आणि आपण चालत सुटलोय. फोनवरचा चालेल, पण त्यात पात्रांचे आवाज नाहीत, थ्रीडीएसवरचा मिळाला तर तोच घ्या. चौथा प्रकरणाप्रकरणांचा आहे, प्रत्येक प्रकरणात नवं पात्र आणि शेवटी सगळे एकत्र. घ्यायचा तर फोनवरचा, कारण डीएसवरच्या इंग्रजी आवृत्तीतून सोबत्यांच्या गप्पा काढून टाकल्या होत्या, फोनवर त्या परत आल्या. फक्त पहिल्या प्रकरणातले लोक स्कॉटिश ढंगाचं इंग्रजी बोलतात, एकेक वाक्य दोनदा वाचावं लागतं, ते तसंच लिहिलेलं आहे, तुमच्या इंग्रजीला दोष देऊ नका.

सुरुवात कुठून करू नका तेही सांगतो. दुसरा भाग अजिबात नको, रोनच्या पठारावर नेणारी त्याची गुहा म्हणजे पायाखाली उघडणारे खड्डे आणि फिरून फिरून तिथेच आणणाऱ्या वाटा, त्यातून वर आलात की बाहेरचे राक्षस अख्ख्या टीमला एका मंत्रात ठार करतात. मूळ जपानी गेममध्ये तर सेव्हच नव्हतं, ५२ अक्षरांपर्यंतचा पासवर्ड वहीत उतरवून घ्यायचा आणि एक अक्षर चुकलं की बसा बोंबलत. सातवा माझ्या आवडीचा आहे पण मूळ प्लेस्टेशनवरच्या आवृत्तीत पहिली लढाई यायलाच काही तास लागतात आणि पुढे शंभर तास, नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. दहावा ऑनलाइन गेम आहे आणि इंग्रजीत आलेलाच नाही.

पायरी ४ : पहिले काही तास असे खेळा

गावात शिरलात की सगळ्यांशी बोला. सगळ्यांशी म्हणजे विहिरीजवळच्या म्हातारीशी आणि कुत्र्याशीही. ह्या सिरीजमध्ये पुढे कुठे जायचं हे गावकऱ्यांच्या बोलण्यातूनच कळतं. पहिल्या भागात एक माणूस सांगतो की राजवाड्यापासून सत्तर कोस दक्षिणेला आणि चाळीस कोस पूर्वेला जा, आणि जी वस्तू हवी ती खरोखर त्याच जागी जमिनीत असते, वर काहीही खूण नाही. जुनी आवृत्ती खेळत असाल तर असं काही ऐकलं की लिहून ठेवा, नव्या रिमेकमध्ये पुढच्या ठिकाणाची खूण नकाशावर दाखवतात. मडकी फोडा, कपाटं उघडा, कोणी काही म्हणत नाही.

मेलात तर घाबरू नका. गेम ओव्हर होत नाही, अनुभव तसाच राहतो, फक्त जवळचे अर्धे पैसे जातात आणि तुम्ही शेवटच्या सेव्हच्या ठिकाणी परत येता. म्हणून बँक दिसली की पैसे तिथे ठेवा, नाहीतर मोठ्या गुहेत जायच्या आधी सरळ शस्त्रं घेऊन टाका. नवं गाव म्हणजे नवं दुकान, आणि ह्या गेममध्ये दोन लेव्हल वाढवण्यापेक्षा एक चांगली ढाल जास्त उपयोगी पडते. नुसती लेव्हल वाढवत गोल गोल फिरणं नवखे लोक फार करतात. त्यापेक्षा बॉसपुढे, म्हणजे टप्प्याच्या शेवटच्या मोठ्या राक्षसापुढे, ताकद वाढवणारे-घटवणारे मंत्र वापरा. बाकी बऱ्याच गेममध्ये बचाव वाढवणारे, शत्रूचा बचाव घटवणारे मंत्र बॉसवर वाया जातात, इथे 'बफ', 'सॅप' आणि हल्ल्याची ताकद वाढवणारा 'उम्फ' ह्यांच्यावरच अर्धी लढाई जिंकली जाते.

धातूचा चकचकीत स्लाइम दिसला तर बाकीचं सगळं सोडून त्याच्या मागे लागा. त्याला फार थोडं रक्त असतं पण कातडी इतकी टणक की फटक्याला एखादाच पॉइंट जातो, आणि बहुतेक वेळा तो पळून जातो. पण मेला तर एका झटक्यात लेव्हल वाढते.

सोबत्यांना चौथ्या भागापासून 'तुझं तू बघ' असा हुकूम देता येतो, तो बावळटपणा वाटतो पण फायद्याचा आहे, कारण बहुतेक भागांत तुम्ही हुकूम पाळीच्या सुरुवातीलाच देता आणि कॉम्प्युटर मात्र त्या पात्राची वेळ आल्यावर ठरवतो. त्यामुळे नुकताच कोणाला मोठा फटका बसला असेल तर धर्मगुरू लगेच त्यालाच बरं करतो. किरकोळ लढायांत हे चालू ठेवा, बॉस आला की सूत्रं स्वतःच्या हातात घ्या.

पायरी ५ : पहिला संपला, पुढे काय

अकराव्याने सुरुवात केली असेल तर मग तिसरा, आणि त्याच्यामागे पहिला-दुसरा नव्या रिमेकमध्ये एकत्र. दुसरा तेव्हा चालतो, रिमेकमध्ये बराच माणसात आलाय. पाचव्याने केली असेल तर चौथा आणि सहावा, ते झाल्यावर आठवा. सातवा ह्या सगळ्यांच्या नंतर, हातात मोकळे महिने असतील तेव्हा. हिरोज, मॉन्स्टर्स असे बाजूचे गेम भरपूर आहेत, मधल्या मधल्या सुट्टीत खेळायला ठीक. 'बिल्डर्स टू' त्यातला सगळ्यात चांगला, फक्त तो दुसऱ्या भागाच्या कथेवर उभा आहे, तेव्हा दुसरा संपवूनच घ्या.