अकरा उंदीर आणि एक भोक: घरातले उंदीर घालवताना या चुका टाळा

पाऊस धरला की तळमजल्यावर राहणाऱ्यांकडे दोन पाहुणे ठरलेले, भिंतीची ओल आणि उंदीर. बिळांत पाणी शिरतं, गटारं तुंबतात आणि बाहेरचं अख्खं बिऱ्हाड आपल्या स्वयंपाकघरात मुक्कामाला येतं. डोंबिवलीतल्या आमच्या जुन्या इमारतीत मी एका पावसाळ्यात पिंजऱ्यात अकरा उंदीर धरले. शेजारी कौतुक करत होते. खरं तर लाज वाटायला हवी होती, कारण अकराच्या अकरा उंदीर सिंकखालच्या पाइपाभोवती राहिलेल्या एकाच भोकातून आले होते. ते बुजवायचं मला अकराव्याच्या वेळी सुचलं.

भोक "एवढंसंच तर आहे" म्हणून सोडणं

घरात फिरणाऱ्या छोट्या उंदराला आत यायला सहा मिलिमीटरची फट पुरते. एक साधी पेन्सिल घ्या आणि घरभर फिरा. जिथे ती आत जाते, तिथून उंदीरही येऊ शकतो असं धरून चाला. मोठ्या उंदराला अर्धा इंच लागतो, एवढाच फरक. सिंकचा पाइप, गॅसची नळी जिथून भिंतीतून येते ते छिद्र, एसीच्या तांब्याच्या नळ्यांसाठी पाडलेलं भोक, न्हाणीची तुटकी जाळी, दाराखालची फट, एक्झॉस्ट फॅनची चौकट, ट्रॉलीमागची भिंत. ट्रॉल्या बसवणारे लोक मागे काय उघडं ठेवून जातात, हे त्या एकदा बाहेर काढून पाहिल्याशिवाय कळत नाही.

बुजवताना कापूस, थर्माकोल, कागदाचा बोळा किंवा फोम वापरू नका. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, त्यामुळे कुरतडणं ही त्याची गरजच आहे. फोम म्हणजे त्याच्यासाठी करमणूक. भांडी घासायची तारेची घासणी भोकात गच्च कोंबा आणि वरून सिमेंट लिंपा. जुने गवंडी त्या सिमेंटमध्ये काचेचा चुरा घालतात, तेही उत्तम. दाराखाली रबराऐवजी ॲल्युमिनियमची पट्टी लावा.

मात्र उंदीर आत असताना नुसती भोकं बंद केलीत, तर तो आतच अडकतो आणि बाहेर पडायला नवी वाट कुरतडतो. बुजवणं आणि पकडणं एकाच आठवड्यात उरका.

पिंजरा खोलीच्या मधोमध ठेवणं

उंदीर मोकळ्यावर फिरत नाही, भिंतीला अंग घासत जातो. म्हणून पिंजरा भिंतीला चिकटवून ठेवायचा. चाप असेल तर खाऊची बाजू भिंतीकडे. छोटा उंदीर चौकस असतो, तो पहिल्याच रात्री सापडू शकतो. मोठा उंदीर संशयी. नवी वस्तू दिसली की काही दिवस तिच्या वाऱ्याला उभा राहत नाही. त्याच्यासाठी दोन-तीन रात्री पिंजऱ्याचं दार बांधून उघडं ठेवा, आत खायला घाला, त्याला सवय होऊ द्या आणि मग खटका लावा. चीज सिनेमातल्या उंदरांना द्या. आपल्याकडच्या उंदराला कांदाभजी, खोबऱ्याचा भाजलेला तुकडा किंवा सुकट जास्त आवडते. तुकडा दोऱ्याने बांधा, म्हणजे ओढावाच लागतो.

आजी पिंजरा लावताना उंदराचं नाव घेऊ देत नसे, "त्याला ऐकू जातं" म्हणायची. मी अजूनही घेत नाही. त्याने नुकसान तर काही होत नाही.

चिकटपट्टीचा पुठ्ठा मात्र आणू नका. उंदीर त्यावर तासन्‌तास जिवंत तडफडतो, पाली आणि पाखरंही अडकतात. हे क्रूर आहे म्हणून देशातल्या कित्येक राज्यांनी त्यावर बंदी घातली आहे. आणि पिंजऱ्यातला उंदीर दोन गल्ल्या सोडून मोकळा करणं म्हणजे आपली डोकेदुखी दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकणं.

विष: सगळ्यात महागात पडणारी चूक

झिंक फॉस्फाइडची काळी पूड कणकेच्या गोळ्यात मिसळून ठेवायची पद्धत जुनी आहे. पोटातल्या आम्लाशी संयोग झाला की तिच्यातून फॉस्फीन हा विषारी वायू सुटतो. त्यावर नेमका उतारा नाही. आणि कणकेचा गोळा रांगत्या मुलालाही खाऊच वाटतो. शिवाय उंदराने थोडंसंच खाल्लं, पोट बिघडलं आणि वाचला, तर तो पुन्हा त्या गोळ्याला तोंड लावत नाही.

ब्रोमाडायोलोनच्या वड्यांचं वेगळं. त्याने रक्त गोठायचं थांबतं आणि उंदीर काही दिवसांनी मरतो. लोक दुसऱ्याच दिवशी "काही उपयोग नाही" म्हणत दुप्पट वड्या टाकतात. "विष खाल्लं की तो पाणी प्यायला बाहेर जाऊन मरतो" हे दुकानदार छातीठोकपणे सांगतो, पण ते खोटं आहे. तो फ्रिजमागे किंवा पोटमाळ्यावरही मरतो आणि आठवडाभर घर नाक दाबून बसतं. असा उंदीर मांजराने खाल्ला तर मांजरही दगावू शकतं.

पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टला तर घरात थाराच देऊ नका. ती पोटात गेलेला माणूस एक-दोन दिवस बरा दिसतो आणि मग यकृत निकामी होऊ लागतं. कुणाच्याही पोटात कुठलंही विष गेल्याची नुसती शंका आली, तरी "बघू संध्याकाळपर्यंत" म्हणू नका. विषाचं पाकीट बरोबर घेऊन थेट रुग्णालय गाठा. ब्रोमाडायोलोनवर के जीवनसत्त्वाचा उतारा आहे, पण पोटात काय गेलंय हे डॉक्टरांना आधी कळायला हवं.

डांबरगोळ्या आणि प्लगमध्ये लावायची "आवाजाची" यंत्रं यांवर पैसे घालवू नका. तो आवाज कपाटापलीकडेही जात नाही आणि उंदराला लवकरच त्याची सवय होते.

लेंड्या कोरड्या झाडणं

झाडू मारला की धूळ उडते आणि ती आपल्याच नाकात जाते. हातमोजे घाला, पाण्यात ब्लीच मिसळून शिंपडा, पाचेक मिनिटं थांबा आणि मग फडक्याने पुसून घ्या. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. 26 जुलै 2005 च्या महापुरानंतर मुंबईत त्याची साथ आली होती. पायाला जखम असताना तुंबलेल्या पाण्यातून चालत जाणं म्हणूनच धोक्याचं.

लेंड्या पाहताना आकारही पाहा. तांदळाच्या दाण्याएवढ्या असतील तर छोटा उंदीर, अर्धा इंच किंवा त्याहून लांब असतील तर मोठा. आणि उग्र वास मारत चूं-चूं करत भिंतीकडेने पळणारी लांब तोंडाची असेल, तर ती चिचुंद्री. ती उंदीर नव्हेच. झुरळं खाते. तिला मारू नका.

गॅसची नळीही तपासा. साधी रबरी नळी उंदीर कुरतडतो. तारेची जाळी असलेली केशरी नळी घ्या. गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, विजेच्या बटणाला हात लावू नका.

एवढं करूनही येत असेल, तर रात्री भिंतीच्या कडेने रांगोळी भुरभुरा. पीठ नको, ते तो खाऊन टाकतो. सकाळी पावलं आणि शेपटीची रेघ दिसते आणि वाट कळते. आमच्याकडे सिंकखालचं भोक बुजवल्यावर ती रेघ निघाली ती थेट दारातून बाहेर, जिन्याखालच्या कचऱ्याच्या डब्यांकडे. डब्यांना झाकणं बसवायचा ठराव आता सोसायटीच्या सभेत आहे, पार्किंगच्या खाली सातव्या क्रमांकावर.