बाईकची लिथियम बॅटरी: चार्जिंगच्या या चुका टाळा

"नवीन लिथियम बॅटरी टाकली आणि काही महिन्यांतच गेली, लिथियम बेकारच असते का?" हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की आता ऐकला की आधी विचारतो, चार्जर कुठला वापरलास? आणि बहुतेक वेळा उत्तर येतं की घरात जुना होता तोच. बॅटरी बेकार नसते हो, लेड अ‍ॅसिडच्या सवयी तिच्यावर चालवल्या म्हणून जाते.

बाईकला स्टार्टर बॅटरी म्हणून जी लिथियम मिळते ती बहुतेक लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी. 3.2 व्होल्टचे चार सेल सिरीजमधे, म्हणून 12.8 व्होल्ट. खालचे सगळे आकडे याच प्रकाराचे आहेत, इलेक्ट्रिक बाईकच्या मोठ्या पॅकला ते लावू नका, तो विषयच वेगळा.

पहिली चूक मल्टिमीटर वाचण्याची. लेड अ‍ॅसिडला 12.6 - 12.7 म्हणजे फुल, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की लिथियमवर 12.6 दिसलं तरी लोक बिनधास्त सीट लावून टाकतात. एलएफपी फुल चार्ज होऊन काही तास शांत बसली की 13.3 - 13.4 दाखवते. 12.8 दिसलं म्हणजे ती खाली होत आलीय, आणि 12.6 म्हणजे जवळपास संपलीच. बरं, मधल्या पट्ट्यात व्होल्टेज फारसं हलतच नाही, त्यामुळे 13.2 बघून किती टक्के उरलीय हे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. चार्जर काढल्या काढल्या मोजू नका, थोडा वेळ जाऊ द्या.

आता मुख्य चूक, जिच्यामुळे हे लिहायला बसलो: रिपेअर मोड. लेड अ‍ॅसिडच्या बऱ्याच स्मार्ट चार्जरना डीसल्फेशन किंवा रिपेअर नावाचा मोड असतो. लेड बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचे स्फटिक जमतात, ते मोडायला हा मोड जास्त व्होल्टेजचे झटके देतो, काही चार्जर 16 व्होल्टच्या पण वर जातात. लिथियममधे सल्फेट नसतोच, मग रिपेअर कशाची करताय? एलएफपीची वरची मर्यादा 14.4 ते 14.6, त्याच्या पुढे प्रत्येक झटका सेलवर पडतो. "बीएमएस (बॅटरीच्या आतलं सेल सांभाळणारं सर्किट) सांभाळून घेईल" असं म्हणणारे भेटतात. काही बॅटऱ्यांमधलं सर्किट फक्त सेल बॅलन्स करतं, जास्त व्होल्टेज आलं तर तोडत नाही, आणि आपल्या बॅटरीत काय आहे हे बाहेरून बघून कळत नाही.

आमच्या रायडिंग ग्रुपमधल्या एकाच्या बाईकला ट्रॅकर बसवलेला, तो बाईक बंद असली तरी बॅटरी खातो. बाईक बरेच दिवस उभी राहिली, बॅटरी ठार. ज्या मेकॅनिककडे नेली त्याने सांगितलं की रात्रभर रिपेअरला लाव, उठेल, आणि याने सीटखाली, बाईकमधेच लावून ठेवली, झाकलेल्या पार्किंगमधे. सकाळी आम्ही गेलो तर सीट उघडल्यावर आधी वास आला, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर उग्र, तो वास आला की समजायचं आतलं इलेक्ट्रोलाइट बाहेर पडतंय. बॅटरीच्या दोन्ही बाजू फुगलेल्या, ट्रेमधून ती निघेना, प्लास्टिक गरम. चार्जरचा हिरवा दिवा मात्र लागलेला. प्लग काढला, बाईक ढकलत मोकळ्यावर नेली, लांब थांबून पूर्ण गार होऊ दिली, मग हातमोजे घालून ट्रेचे स्क्रू काढून ती बाहेर काढली. पेटली नाही हे नशीब. एलएफपी बाकीच्या लिथियम प्रकारांपेक्षा सहजासहजी पेटत नाही हे खरंय, पण तिच्यातून निघणारा गॅस ज्वलनशील असतो, आणि वर पेट्रोलची टाकी होती.

तिथे दोन गोष्टी एकत्र झाल्या. सेल फार खाली गेला की आतला तांब्याचा पत्रा विरघळायला लागतो, पुन्हा चार्ज करताना तेच तांबं नको तिथे जमतं आणि आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. म्हणजे बॅटरी आधीच धोक्यात होती, वर झटके दिले. म्हणून माझा नियम: खूप दिवस 10 व्होल्टच्या खाली पडून राहिलेली बॅटरी मी उठवायच्या भानगडीत पडत नाही, आणि फुगलेल्या बॅटरीला चार्जर लावत नाही, विषय संपला. ज्यांना "एक ट्रिक आहे" म्हणायची घाई असते त्यांनी निदान ती दुसऱ्याच्या बाईकवर करू नये.

मीटरवर थेट 0 दिसत असेल तर गोष्ट थोडी वेगळी. बऱ्याचदा बीएमएसने व्होल्टेज कमी झालं म्हणून आउटपुट तोडलेलं असतं. साधा चार्जर अशी बॅटरी ओळखतच नाही, मग लोक लेड बॅटरी पॅरलल जोडून तिला फसवतात. तसं करू नका. लिथियमच्या चार्जरना यासाठी वेगळी सोय असते, ते अगदी कमी करंट देऊन बघतात आणि सेल प्रतिसाद देत नसतील तर थांबतात. हे थांबणंच आपल्याला हवंय.

अँपिअर अवरचा, म्हणजे बॅटरीच्या क्षमतेच्या आकड्याचा घोळ पण समजून घ्या. डब्यावर 12 लिहिलेलं असतं, बारीक अक्षरात लेड इक्विव्हॅलंट, म्हणजे ती ज्या लेड बॅटरीच्या जागी बसते तिचा आकडा, आणि खरी क्षमता 4 च्या आसपास. ट्रॅकर आणि अलार्म मिळून 20 मिलिअँपिअर खात असतील तर 4 अँपिअर अवर 200 तासांत संपतात, म्हणजे आठ दिवसांच्या थोडं वर. लेड बॅटरीवर जे महिनाभर चाललं ते इथे चालणार नाही. बाईक उभी ठेवायची तर मी अर्धी ते पाऊण चार्ज ठेवून निगेटिव्ह काढून टाकतो, दर दोनेक महिन्यांनी मीटर लावतो, बाकी काही करत नाही. चार्जिंगचा करंटही खऱ्या क्षमतेवर ठरवा, 4 वाल्या बॅटरीला मी 2 अँपिअरच्या वर देत नाही, घाई असली तरी.

जुन्या बाईकला लिथियम टाकण्याआधी रेग्युलेटर रेक्टिफायर, म्हणजे बॅटरीकडे जाणारं चार्जिंग व्होल्टेज आवरणारा भाग तपासा, हे कुणीच करत नाही. चार ते पाच हजार आरपीएमला बॅटरीच्या टर्मिनलवर मोजा, 13.8 ते 14.6 ठीक. 15 च्या वर जात असेल तर आधी तो बदला, मग बॅटरीचं बघा. चालत्या गाडीत बीएमएसने बॅटरी तोडली तर अल्टरनेटरचं सगळं व्होल्टेज ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आणि दिव्यांवर येतं. आणि पूर्ण बसलेली लिथियम धक्का स्टार्ट करून "रस्त्यात चार्ज होईल" म्हणू नका, तिचा अंतर्गत रेझिस्टन्स कमी असल्यामुळे ती स्टेटरकडून (अल्टरनेटरमधली वीज बनवणारी कॉइल) मिळेल तेवढा करंट ओढते आणि स्टेटर तापतो.

बाकी छोट्या गोष्टी. शून्य अंशाखाली चार्ज करू नका, लिथियम धातू आत जमतो आणि तो परत जात नाही. थंडीत स्टार्टर सुस्त फिरला तर हेडलाईट मिनिटभर लावा, बॅटरी थोडी गरम झाली की दुसऱ्या प्रयत्नात जोरात फिरतो, सेल्फ दाबून धरायची गरज नाही. टर्मिनलचे बोल्ट घट्ट हवेत, ढिल्या बोल्टमुळे वितळलेली टर्मिनल्स मी बघितलीत, पण पाना लावून झटके देऊ नका, आतला नट फिरतो. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना आधी पॉझिटिव्ह. चार्जिंग फरशीवर, जागे असताना, समोर.

फुगलेली बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही, टर्मिनलवर इलेक्ट्रिकल टेप लावा, घराबाहेर पेटण्यासारख्या वस्तूंपासून लांब ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्यांना द्या, देताना ती लिथियम आहे आणि फुगलीय हे तोंडाने सांगा, कारण लेडच्या ढिगात ती गेली तर पुढच्या माणसाला कळणार नाही.