हलक्या जमिनीवरील पेरसाळ: पेरणीची वेळ कशी ठरवावी

मराठवाड्यातील पेरसाळ, म्हणजे रोपांची लावणी न करता थेट पेरलेले भात, सर्वस्वी पावसावर येते. खाचरात पाणी साठलेले असल्याने तेथील भात काही दिवसांची उघडीप निभावून नेते. मुरमाड, उथळ जमिनीत मात्र ओल लवकर उडते आणि भर दुपारी पानांची सुरळी होऊ लागते. म्हणून अशा जमिनीत पेरणीचा दिवस ठरवताना मृगाच्या पहिल्या सरीइतकाच पीक निसवण्याच्या (लोंब्या बाहेर पडण्याच्या) काळाचाही विचार करावा.

सुमारे 110 दिवसांत तयार होणारा वाण साधारणपणे ऐंशीव्या दिवशी निसवतो. 25 जूनला पेरल्यास निसवण सप्टेंबरच्या मध्यावर, पावसाची आशा असताना होते; तोच वाण 15 जुलैला पेरल्यास लोंब्या ऑक्टोबरच्या आरंभी बाहेर पडतात आणि दाणा भरण्याच्या वेळी पाऊस परतीला लागलेला असल्याने बरेच दाणे पोचट राहतात. त्यामुळे जूनचा दुसरा पंधरवडा ते जुलैचा पहिला आठवडा हाच काळ साधावा आणि प्रभावती, अविष्कार यांसारखे परभणीच्या कृषी विद्यापीठाचे वाण निवडावेत.

तरीही घाई नको. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावर शेतात दोन-तीन ठिकाणी वीतभर उकरून पाहावे. तळाची माती मुठीत दाबल्यावर तिचा गोळा होत असेल, तरच तिफण घालावी. वरची चार बोटे भिजलेली आणि खाली कोरडे, अशा स्थितीत पेरलेले बी उगवून येते, परंतु पुढच्या उघडिपीत रोपे करपतात व दुबार पेरणीचा खर्च माथी बसतो, जो हलक्या जमिनीच्या उत्पन्नातून भरून निघणे फार अवघड असते. बी तीन ते चार सेंटिमीटरपेक्षा खोल पडू देऊ नये. तत्पूर्वी 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणे टाकावे, तरंगणारे काढून टाकावे आणि उरलेले दोनदा धुऊन सावलीत वाळवावे.

उगवणीनंतर कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्यास ती लोहाची कमतरता समजावी. चुनखडीयुक्त जमिनीत ती नेहमी आढळते आणि युरिया देऊन हटत नाही. 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम फेरस सल्फेट व 25 ग्रॅम चुना मिसळून फवारणी करावी.

जुलैचा मध्य उलटूनही पुरेशी ओल झाली नसेल, तर त्या तुकड्यावर भाताचा आग्रह सोडून बाजरी, तूर किंवा एरंडी घ्यावी.