गावात अल्झायमरचा सर्वे करताय? या चुका टाळा

यवतमाळ-वर्ध्याकडे कापूस वेचणी जोरात असते, नेमक्या त्याच दिवसांत विद्यार्थ्यांचे प्रोजेक्ट गावात येतात. सकाळी अकराला पोचलं की धडधाकट माणूस, मग तो सत्तरीचा का असेना, वावरात गेलेला असतो. ओट्यावर सापडतात ते ज्यांना जाववत नाही. त्यांचेच फॉर्म भरले की स्मृतिभ्रंशाचं (अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) प्रमाण फुगतं आणि 'बसून राहणाऱ्यांना स्मृतिभ्रंश जास्त' हा निष्कर्ष आयता हाती पडतो. आधी मतदार यादीतून नावं काढा, दिवेलागणीला जा, आणि जो भेटला नाही त्याच्या घरी पुन्हा जा.

आधार कार्डावर १ जानेवारी ही जन्मतारीख दिसली की वय पडताळून पाहा. वाढतं वय हाच या आजाराचा सगळ्यात मोठा धोका; तेच सात-आठ वर्षांनी चुकलं तर पुढची आकडेमोड कितीही सुबक करा, उपयोग नाही. १९७२ च्या दुष्काळात लग्न झालं होतं का, थोरलं लेकरू केवढं होतं, असं विचारलं की अंदाज बराच जवळ येतो.

सगळ्यात महागात पडते ती चाचणी. शाळेची पायरी न चढलेल्या आजीला 'आजची तारीख सांगा, शंभरातून सात वजा करत जा' म्हणायचं आणि मार्क कमी पडले की स्मृतिभ्रंश लिहायचा. तिला पोळा कधी झाला, बाजार कोणत्या वारी भरतो, हे नीट ठाऊक असतं. हरियाणातल्या बल्लभगढच्या अभ्यासासाठी निरक्षर वृद्धांना झेपेल अशी हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन तयार झाली, ती याच कारणाने. मराठीत आणताना तीही वऱ्हाडीत बोलून पाहा. शिवाय कमी शिक्षण हा स्वतःच धोक्याचा घटक मानला जातो. चाचणीच शिक्षणावर बेतलेली असेल तर दोघांचा संबंध दिसणारच, त्यात शोध कसला? आणि आधी कान तपासा. ऐकू न येणाराही नापासच होतो.

आता रक्तातून जनुक तपासण्याचं. आपल्याकडे अनुवंशिक म्हटलं की लोकांना सिकलसेल आठवतो: वाहक, रुग्ण, लग्नाआधीची तपासणी. अल्झायमरचा धोका वाढवणारा एपीओई जनुकाचा ई४ प्रकार त्या साच्यात बसत नाही. त्याची एक प्रत असली तर धोका साधारण तिपटीने आणि दोन असल्या तर आठ ते बारा पटीने वाढतो असं सांगतात, पण हे आकडे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरून आलेले आहेत. ई४ असून आजार न होणारे पुष्कळ, नसून होणारेही पुष्कळ. समुपदेशक सोबत नसताना असा रिपोर्ट घरात दिला तर उद्या त्या घरच्या मुलीची सोयरीक अडेल. ज्यांच्यामुळे आजार जवळपास नक्की होतो ते एपीपी, पीएसईएन१ आणि पीएसईएन२ या जनुकांमधले बदल एक टक्क्याहूनही कमी रुग्णांत सापडतात, आणि तिथे आजार बहुधा पासष्टीच्या आतच सुरू होतो. एकाच भावकीतले दहा नमुने दहा वेगळी माणसं म्हणून मोजू नका, हेही जाता जाता.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्यासारखे १४ घटक मोजले. ती यादी उचलून फॉर्म छापला की धूम्रपानाचा रकाना येतो आणि खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) राहून जातो. खर्रा वेगळा लिहा. बिडीसोबत एका रकान्यात कोंबला तर दोन्हींचा पत्ता लागणार नाही. रक्तदाबाचा धोका मध्यम वयातला असतो. स्मृतिभ्रंश जडल्यावर रक्तदाब खालीही येतो, वजनही उतरतं, म्हणून आजचं माप कारण म्हणून वापरू नका. चाळीशी-पन्नाशीत गोळी सुरू होती का, जुने कागद आहेत का, ते विचारा.

बी१२ जीवनसत्त्व आणि थायरॉइड न तपासता, मेंदूचा स्कॅन न पाहता 'अल्झायमर' लिहू नका. 'स्मृतिभ्रंशाची शक्यता' एवढंच लिहा. माहिती देणाराही नीट निवडा. सासूसमोर सून 'बुढी झाली, विसरनच ना!' एवढ्यावर विषय संपवते. ती एकटी असताना विहिरीवर तिच्याशी बोला, नाहीतर माहेरपणाला आलेल्या लेकीला गाठा: चुलीवरचं दूध उतू जाणं कधीपासून सुरू झालं, हे ती दिवाळ्या मोजून सांगते.