फौज सोडून निफाडात दुकान टाकायचं असेल तर

तोफखान्यात २३ वर्षं काढून मी लेफ्टनंट कर्नल म्हणून बाहेर पडलो. गेली सहा वर्षं निफाडात ठिबकचं आणि पाइपांचं दुकान चालवतोय. रेजिमेंटमधल्या पोरांचे फोन येतात, "सर, फौज सोडायचे कागद टाकतोय, गावाकडे धंदा करायचाय, काय करू?" तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

कागद टाकायच्या आधी एक सुट्टी दुसऱ्याच्या दुकानात घालव. ६० दिवसांच्या ॲन्युअल लीव्हपैकी निम्मी मी एका ओळखीच्या दुकानदाराच्या गल्ल्याशेजारी स्टुलावर बसून काढली, बिनपगारी. बोफोर्स तोफेचा ब्रीच, म्हणजे गोळा भरायचं मागचं तोंड, डोळे मिटून उघडणारा माणूस मी, पण "दहा ग्रोमेट, दहा टेकऑफ, चार जॉइनर" असं गिऱ्हाइकाने म्हटलं की वस्तू समोर असून सापडायची नाही. दुकानातला बारावी नापास पोरगा हसायचा. हसू दे. एकदा एका नानांना मी एकराचा हिशेब काढून दिला. ४० गुंठे, दोन ओळींत नऊ फूट अंतर, म्हणजे १,४७५ मीटर लॅटरल, ओळीतून जाणारी ठिबकची नळी. नाना म्हणाले, "साहेब, तुमचा एकर चौकोनी दिसतोय. माझा बांध तिरपा आहे." तेव्हापासून प्लॉट पायाखाली घातल्याशिवाय मोठी ऑर्डर मी लिहीत नाही. पाणी विहिरीचं, नदीचं की बोअरचं, तेही तिथेच उभं राहून विचारतो. नदीच्या पाण्यात शेवाळ असतं, त्याला सँड फिल्टर लागतो. बोअर वाळू ओढत असेल तर हायड्रोसायक्लोन. चुकीचा फिल्टर विकलास तर ड्रिपर तुंबतात आणि शिव्या तुला पडतात, कंपनीला नाही.

पैशाचं. बाहेर पडताना ग्रॅच्युइटी, डीएसओपी (अफसरांचा प्रॉव्हिडंट फंड), ग्रुप इन्शुरन्स, कम्युटेशन (पेन्शनचा भाग विकून मिळालेली रक्कम) सगळं एकदम अंगावर येतं आणि माणसाला आपण शेठ झालो असं वाटतं. आपल्याला निम्म्यापर्यंत पेन्शन विकता येते, पण विकलेला भाग पुन्हा चालू व्हायला १५ वर्षं लागतात. कम्युटेशनच्या पैशाला दुकानाचा वारा लागू द्यायचा नाही, एवढी एक अट बायकोने घातली होती. मी मालात घातला तो फक्त डीएसओपीचा काही हिस्सा. घर पेन्शनवर चालतं. पहिली तीन वर्षं गल्ल्यातून घरात एक रुपया नेला नाही, भाजीसुद्धा नाही. पेन्शनला लागणारी २० वर्षं भरायच्या आत निघायचं मनात असेल तर हे सगळं गणितच मोडतं, तेव्हा थांब.

कागदपत्रांना घाबरू नकोस. जीएसटी, गुमास्ता म्हणजे दुकानाची नोंदणी, उद्यम म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, सगळं एका आठवड्यात होतं. उद्यमची नोंदणी फुकट असते, त्यासाठी एजंट पैसे मागेल, देऊ नकोस.

पाटीवर हुद्दा लावू नकोस. नावाआधी हुद्दा, नावामागे कंसात निवृत्त, हे लग्नपत्रिकेत शोभतं. माझ्या पहिल्या पाटीवर ठळक अक्षरांत 'कर्नल' होतं. त्याने दोन गोष्टी झाल्या. लोक भाव करायला संकोचायचे आणि समोरच्या दुकानात जायचे. जे यायचे ते म्हणायचे, साहेबाला पेन्शन आहे, त्याला कसली घाई? माझी उधारी सगळ्यांत शेवटी फिटायची. पाटी बदलली, तरी 'कर्नलसाहेब' काही सुटलं नाही, पण निदान मीच ते छातीवर लावून बसलेलो नाही.

आता उधारी. इथे धंदा उधारीशिवाय होत नाही. गिऱ्हाईक द्राक्षबागायतदार. एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात फळासाठीची गोडी छाटणी, आणि पैसा दिसतो तो फेब्रुवारी-मार्चात, तोही गारपीट झाली नाही तर. मधल्या काळात औषधवाला, खतवाला, मजूर सगळे त्याच एका मालावर डोळा लावून असतात. त्या रांगेत तू कितवा, हे ओळखायला शीक.

पहिल्या वर्षी मी मागेल त्याला दिलं. त्यातल्या एका आप्पांकडे ४३,००० अडकले. त्यांचा माल एका व्यापाऱ्याने उचलला आणि फोन बंद करून पसार झाला. मला हे ठाऊक नव्हतं. मी आपलं फौजी पद्धतीने रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवलं, संदर्भ क्रमांक, विषय, तीन परिच्छेद. आप्पांनी दुकानावरचा रस्ता सोडला. चार महिने लांबच्या वाटेने बाजाराला जायचे. शेवटी मीच मळ्यात गेलो. मांडवाखाली बसलो, चहा झाला, पोराच्या शिक्षणाचं निघालं, थंडीत बागेत शेकोट्या पेटवून रात्री जागवल्या ते निघालं. पैशाचं मी बोललोच नाही. निघताना त्यांनीच ५,००० हातात ठेवले आणि म्हणाले, "पत्र नको होतं पाठवायला. घरात वाचलं सगळ्यांनी." बाकीचे पुढच्या हंगामात आले, तीन हप्त्यांत.

तेव्हापासून माझी पद्धत अशी. फिटिंगचा बारीक माल रोख, उधार फक्त पाइप आणि लॅटरलला. भवानी व्हायच्या आधी उधार नाही, मग तो सख्खा मेहुणा असला तरी. वहीत नावापुढे रकमेबरोबर बागेचं वाण आणि गोडी छाटणीची तारीख लिहितो. थॉमसन जातीची द्राक्षं असतील तर तिथून चार-साडेचार महिने मोजायचे. आपल्या भाषेत टाइम ऑफ फ्लाइट, गोळा सुटल्यापासून पडेपर्यंतचा वेळ. गोळा पडायच्या आधी आठ दिवस मळ्यात चक्कर मारायची, माल कुणाला दिला ते विचारायचं, आणि चारचौघांत किंवा सुनेसमोर मागायचं नाही.

हाताखालच्या पोराला वेळेवरून झापू नकोस. गावच्या यात्रेला तो चार दिवस येणारच नाही, रजेचा अर्जही देणार नाही. ते आधीच धरून चाल.

स्टॉक मोजायला पितृपक्ष पकड. त्या पंधरवड्यात नवी खरेदी करायला फारसं कुणी येत नाही, आणि लगेच मागून छाटणीची गर्दी येते. मी आणि पोरगा शटर अर्धं ओढून एकेक पाकीट मोजतो. गेल्या साली एंड कॅपची दोन पाकिटं कमी भरली. पोरगा म्हणाला, "साहेब, मागच्या महिन्यात तुम्हीच नानांना फुकट दिली." वही काढली तर खरंच, माझ्याच अक्षरात.